अप्पांची वही आणि ताईचे तास

अप्पा ऑफिसात पगारपत्रकं बनवायचे. आयुष्यभर तेच केलं त्यांनी, शेकडो लोकांचे पगार, कपाती, रजा, ओव्हरटाइम, सगळं हाताने, आणि घरी आल्यावर परत एक वही, घरखर्चाची. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि महिनाअखेरीला दोन्ही बाजू जुळेपर्यंत माणूस झोपायचा नाही. लहानपणी मला त्या वहीचा रागच यायचा कारण मी हरवलेली कंपासपेटीसुद्धा त्यात नोंदलेली असायची, वर 'निष्काळजीपणा' असा शेरा.

तर अप्पांचा आजार आधी ह्या वहीत आला आणि मग घरात आला. आम्हाला ते कळलं फार उशिरा. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर एका रात्री मी जुन्या वह्या काढून बसलो, उलट्या क्रमाने मागे मागे जात. एकाच महिन्यात विजेचं बिल दोनदा. एका मासिकाची वर्गणी वर्षात तीनदा. एका पानावर बेरीज चुकलेली, खोडून परत केलेली, परत चुकलेली, आणि मग नुसतीच रेघ. त्याच्या पुढच्या पानांवर बेरजाच नाहीत. आम्ही तेव्हा काय म्हणालो असू? आई गेल्यापासून लक्ष नाही लागत त्यांचं, आणि ह्या वयात कशाला हवेत हिशेब, सुटले एकदाचे. म्हणजे आजार वहीत स्वतःच्या हाताने हजेरी लावत होता आणि आम्ही त्याला निवृत्ती समजत होतो.

नंतर वाचलं की हे फक्त आमच्याकडे झालेलं नाही. २०२० मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा, त्यात ज्यांना पुढे डिमेन्शिया निघाला त्यांची बिलं निदानाच्या सहा सहा वर्षं आधीपासून थकायला लागलेली दिसली, आणि अडीच वर्षं आधी त्यांची बाजारातली पत घसरलेली. ह्या आजारात पैशाचं नुकसान बरेचदा आजाराचं नाव कळायच्या आधीच सुरू झालेलं असतं, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. नावं, चेहरे, वाटा वगैरे विसरणं बरेचदा पुढचं, पैशाचा व्यवहार ही मेंदूची फार गुंतागुंतीची कसरत आहे, तीच आधी कोलमडते. फोनवरच्या कुठल्यातरी गोड बोलणाऱ्या माणसाला अप्पांनी एक रक्कम देऊन टाकली होती, किती ते मी इथे लिहित नाही, वहीत तीही नोंद आहे. त्यांच्या अक्षरात. 'साहेबांना दिले' एवढंच.

ज्यांच्या घरात अजून नुसती शंका आहे त्यांना एक गोष्ट सांगून टाकतो, नंतर राहील. साधं मुखत्यारपत्र बऱ्याच देशांत माणसाची समज गेली की त्याच क्षणी कागद होऊन बसतं, नेमकं जेव्हा त्याची गरज लागते तेव्हा. समज गेल्यावरही चालणारी वेगळी व्यवस्था असते, काही ठिकाणी कोर्टातून पालक नेमून घ्यावा लागतो, पण जे काही असेल ते माणसाला सही करताना कळतंय की आपण काय करतोय, तोवर करायचं. आम्ही नाही केलं. अप्पांशी हा विषय काढायचा म्हणजे त्यांच्या तोंडावर म्हणायचं की तुमचं डोकं आता चालेनासं झालंय, ते कोणाच्याने झालं नाही. मग एक दिवस बँकेत सही जुळेना. अप्पांची सही! जी बघून लोक पगार घ्यायचे.

निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि आम्ही, म्हणजे मी, लगेच गोळ्यांचा हिशेब केला की महिन्याला इतके, वर्षाला इतके, ठीक आहे, जमेल. आता हसू येतं. गोळ्या ही ह्या आजारातली सगळ्यात किरकोळ बाब आहे हो. खरा खर्च भलत्याच दारांनी येतो. डायपर, चादरी, गादीवरचं प्लॅस्टिक, बाथरूमचे दांडे, दाराला वरच्या बाजूला लावलेली कडी, चार वेळा हरवलेले चष्मे, कानाचं मशीन जे त्यांनी कागदात नीट गुंडाळून कचऱ्यात टाकलं, कवळी जी अजून सापडलेली नाही. मग पडल्यावर हाडाचा खर्च. मग रात्री झोपत नाहीत म्हणून रात्रपाळीची बाई, तिला ब्युरोचं कमिशन, ती तिसऱ्या दिवशी सोडून गेली कारण अप्पांनी तिला चोर समजून हात उगारला, मग दुसरी बाई, परत कमिशन. यातलं काहीच औषध नाहीये. विमा कंपनीला विचारा, बेड दाखवा म्हणते, ऑपरेशन दाखवा म्हणते. माणसाला घरातून एकटं बाहेर जाऊ न देणं ह्याला बिलाचा फॉर्मच नाही.

मोठ्या आजारांचा खर्च पुरासारखा येतो, सगळ्यांना दिसतो, नातेवाईक धावतात, वर्गणी काढतात. हा खर्च गळक्या नळासारखा. कोणी धावत येत नाही, कारण धावून येण्यासारखं काही झालेलंच नसतं, आणि हे किती वर्षं चालणार तेही कोणी सांगू शकत नाही. अमेरिकेत २०१५ साली एक हिशेब मांडला गेला होता, आयुष्याच्या शेवटच्या पाच वर्षांत एका माणसावर सगळं मिळून किती खर्च होतो त्याचा. कॅन्सर आणि हृदयविकार दोन्हीचा प्रत्येकी आकडा साधारण पावणेदोन लाख डॉलर आला, आणि डिमेन्शियाचा २ लाख ८७ हजार. त्यातही गंमत अशी (गंमत कसली) की सरकारी आरोग्य विम्याने तिन्ही रोगांत साधारण सारखेच पैसे दिले होते, वरच्या फरकातला मोठा भाग घरच्यांनी भरला. तोही विमा ऑपरेशन बघणारा, नुसतं बसून राहणं न बघणारा.

डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकाराला ज्यांचं नाव मिळालं ते अल्झायमर डॉक्टर, आणि त्या आजाराची त्यांची पहिली पेशंट, ऑगस्टे डेटर. वय ५१, १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात आणलेली. 'मी स्वतःला हरवून बसलेय' हे तिचं वाक्य सगळीकडे सापडतं. तिच्या नवऱ्याबद्दल कोणी फारसं लिहित नाही. तो रेल्वेत कारकून होता. बायकोला तिथे ठेवायचे पैसे त्याला झेपेनात, तिला स्वस्तातल्या जागी हलवा म्हणून तो विनंती करत राहिला, आणि अल्झायमरना मात्र ही केस हातची जाऊ द्यायची नव्हती. शेवटी ती तिथेच राहिली, १९०६ मध्ये गेली, आणि मग तिची कागदपत्रं आणि तिचा मेंदू अल्झायमरकडे म्युनिकला पोचला. म्हणजे वैद्यकशास्त्रात ह्या आजाराची पहिली फाइल उघडली तेव्हाच त्या फाइलच्या बाहेर एक कारकून पैशाची जुळवाजुळव करत उभा होता. मला तो कारकून फार जवळचा वाटतो. एकशेवीस वर्षांत तिच्या मेंदूत दिसलेल्या गाठींची नावं, फोटो, रसायनं सगळं सापडलं, ह्याची रांग तेवढी हलली नाही.

आता ताईबद्दल. हे लिहायला मी टाळाटाळ करतोय ते तुमच्या लक्षात आलं असेल, आकडे मला सोपे पडतात.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. चांगली नोकरी होती, हाताखाली माणसं होती. अप्पा दोनदा रस्ता चुकले तेव्हा तिने पंधरा दिवसांची रजा काढली. मग बिनपगारी रजा. मग अर्धवेळ. मग एक दिवस राजीनामा. हे कधी ठरलं असं विचाराल तर ठरलंच नाही, कोणी बैठक घेतली नाही, मी तिला 'नोकरी सोड' म्हटलं नाही, तिने मला 'सोडू का' विचारलं नाही. प्रत्येक पायरीवर एकच शब्द होता, तात्पुरतं. मी दुसऱ्या शहरात, माझी नोकरी जास्त पगाराची, माझी मुलं लहान, आणि शिवाय (हे कोणी उच्चारलं नाही पण हवेत होतं) ती मुलगी, तिला जमतं हे. मी दर महिन्याला पैसे पाठवायचो, आणि एक एक्सेल शीट केली होती सगळा खर्च मांडून, रंगबिरंगी, तिला शेअर पण केली होती. मला वाटायचं मी अप्पांची वही पुढे चालवतोय.

एकदा फोनवर कशावरून तरी वाजलं. बहुतेक दिवसपाळीची बाई कमी करायची का ह्यावरून, मी म्हटलं तू तर घरातच असतेस ना आता. ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तुझ्या त्या शीटमध्ये मी कुठल्या रकान्यात आहे रे?"

मी म्हटलं म्हणजे?

"डायपर आहेत. बाई आहे, तिचं कमिशन आहे. माझे तास कुठे लिहितोस?"

मला तेव्हा तिचा राग आला होता, खोटं कशाला बोलू. बापाची सेवा करताना तास कोण मोजतं, असं काहीतरी मी बोललो सुद्धा. वा! स्वतः दर महिन्याला पाठवलेल्या पैशाची तारीखवार नोंद ठेवणारा मी.

त्यानंतर ताईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि नऊ दिवस मी एकट्याने अप्पांना सांभाळलं. नऊच. पहिल्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसलो, म्हटलं काम होईल आरामात, ते तर नुसते बसलेले असतात. अकरा वाजेपर्यंत त्यांनी मला बावीस वेळा विचारलं की ऑफिसची गाडी आली का, मी मोजलं, मोजायची सवय. दुपारी दहा मिनिटं डोळा लागला तेवढ्यात ते बाथरूमचा नळ सोडून त्याच्याखाली कपड्यांसकट उभे. रात्री अडीचला उठून पँट घालून तयार, दाराशी. त्यांना अडवायचं नसतं, वाद घालायचा नसतो, हे ताईने बजावून ठेवलेलं, त्यांच्या जगात शिरून हळूच वळवून आणायचं असतं, आणि हे रात्री अडीचला, परत सव्वातीनला. चौथ्या दिवशी मी त्यांच्यावर ओरडलो. ते घाबरले आणि मला म्हणाले, "साहेब, चूक झाली." पाचव्या दिवशी मी ऑफिसच्या एका मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून रडलो. हे तास शारीरिक कष्टाचे नसतातच मुळी, काही करत नसतानाही तुम्ही कामावर असता, सुट्टी होतच नाही.

मग मी परत आकड्यांकडे गेलो, दुसरं येतं काय मला. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०१९ मध्ये डिमेन्शियाने जगाचा जो खर्च झाला तो १.३ लाख कोटी डॉलरचा. त्यातला साधारण निम्मा हा घरच्यांनी, मित्रमंडळींनी फुकट केलेल्या देखभालीचा, सरासरी रोजचे पाच तास. निम्मा! म्हणजे जगातल्या सगळ्या इस्पितळांचा, डॉक्टरांचा, औषधांचा, वृद्धाश्रमांचा, पगारी माणसांचा खर्च एका पारड्यात टाकला तर दुसऱ्या पारड्यात जगभरच्या ताया बसलेल्या आहेत आणि काटा मध्यभागी. आणि ताया हा शब्द मी सहज वापरत नाहीये, ह्या देखभालीचे ७० टक्के तास बायका देतात. २०२१ साली जगात ५ कोटी ७० लाख लोकांना हा आजार होता, दरवर्षी जवळपास एक कोटींची भर, आणि निम्म्याहून जास्त पेशंट कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत, जिथे पगारी व्यवस्था जवळजवळ नाहीच, जे काय आहे ते घर.

हे फुकटचे तास पैशात कसे मोजतात त्याची मला उत्सुकता होती. दोन रीती आहेत. एक, तिने सोडलेल्या नोकरीचा पगार किती तो धरायचा. दुसरी, तिच्या जागी माणूस ठेवला तर त्याला किती द्यावे लागतील ते धरायचं. पहिल्या रीतीने माझी ताई महाग पडते, आणि जी बाई कधी नोकरीलाच नव्हती ती जवळपास फुकट, म्हणजे तिच्या सासऱ्याला सांभाळण्यात तिचं काही गेलंच नाही असा अर्थ निघतो. दुसऱ्या रीतीने दोघी सारख्या, पण दोघी ब्युरोच्या बाईच्या भावात, आणि त्या बाईला मुळातच किती कमी मिळतं हे सोडून द्यायचं. ताईचा प्रॉव्हिडंट फंड, राहिलेली बढती, चौपन्नाव्या वर्षी परत कोण घेणार तिला, हे पहिल्या रीतीत थोडं येतं, दुसरीत येतच नाही. अप्पांना हे गणित दिलं असतं तर त्यांनी नक्की म्हटलं असतं की दोन्ही बाजू जुळत नाहीत, परत करा.

जपानमध्ये २००७ साली ९१ वर्षांचे एक डिमेन्शियाचे आजोबा घरातून बाहेर पडले आणि रेल्वे रुळावर गेले. घरी त्यांची ८५ वर्षांची बायको होती, तिचा जरासा डोळा लागला होता. तेवढाच. आजोबा गेले, गाड्या खोळंबल्या, आणि रेल्वे कंपनीने नुकसानभरपाईसाठी कुटुंबावर दावा लावला, ७२ लाख येनचा. खालच्या कोर्टाने पैसे भरा म्हणून सांगितलं. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाला सोडवलं. आठ वर्षांहून जास्त लागली. मी हे वाचलं तेव्हा मला तो बाथरूमचा नळ आठवला आणि माझी दहा मिनिटं. सांभाळणाऱ्याची डुलकी हा गुन्हा धरायचा का, असला प्रश्न एखाद्या देशाला सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागतो.

पण जपाननेच २००० सालापासून दीर्घकाळच्या देखभालीचा वेगळा विमा सक्तीचा केला, चाळिशी ओलांडली की प्रत्येकाने हप्ता भरायचा. जर्मनीने त्याच्या आधी, १९९५ मध्ये, आणि तिथे तर घरचंच माणूस सांभाळत असेल तर त्यासाठी रोख भत्ता मिळतो आणि सांभाळणाऱ्याच्या पेन्शनमध्येही काही भर पडते. पुरेसं आहे असं नाही, दोन्हीकडे रडगाणी आहेतच, हप्ते वाढतायत, माणसं मिळत नाहीयेत. पण निदान ताईसाठी तिथे एक रकाना आहे. याउलट इंग्लंडमध्ये गाठीला २३,२५० पौंडांच्या वर मालमत्ता असेल तर देखभाल ज्याची त्याने बघायची, आणि २०१७ च्या निवडणुकीत घरच्या घरी मिळणाऱ्या देखभालीच्या हिशेबातही राहत्या घराची किंमत धरायचा प्रस्ताव आला तेव्हा लोकांनी त्याला 'डिमेन्शिया टॅक्स' नाव ठेवून इतका गोंधळ घातला की सरकारला चार दिवसांत माघार घ्यावी लागली. लोकांचा मुद्दा साधा होता, कॅन्सर झाला तर उपचार सरकारचा आणि मेंदू गेला तर घर माझं जाणार, हे कसं काय.

आणि नवीन औषधं. मला दर आठवड्याला कोणीतरी बातमी फॉरवर्ड करतं की अल्झायमरवर औषध निघालं. निघालंय, खोटं नाही. २०२१ मध्ये एक आलं, वर्षाला ५६ हजार डॉलर, मग किंमत निम्म्यावर आणली, मग २०२४ मध्ये बंदच केलं. २०२३ मध्ये लेकानेमॅब नावाच्या दुसऱ्या औषधाला अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली, वर्षाला साडेसव्वीस हजार डॉलर, दीड वर्षाच्या चाचणीत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. मंदावली, थांबली नाही. तेही अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी सलाईन, मधून मधून एमआरआय, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव नाही ना बघायला. ह्या प्रत्येक फेरीला न्यायला आणायला, नंतर लक्ष ठेवायला कोण जाणार? परत ताईच. त्यापेक्षा मला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाचा २०२४ चा अहवाल जास्त पटतो, डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या चौदा गोष्टी त्यांनी काढल्या, ब्लड प्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल, कमी ऐकू येणं, एकटेपणा, अशा, आणि म्हणाले ह्यांच्यावर जन्मभर नीट काम झालं तर जवळपास ४५ टक्के केसेस टाळता किंवा लांबवता येतील. कानाचं मशीन अप्पांनी दहा वर्षं आधी लावलं असतं तर, असं मी करत बसतो कधी कधी. त्यांना तो खर्च वायफळ वाटला होता. वहीत शेरा आहे, 'सध्या गरज नाही'.

मी आता महिन्यातले आठ दिवस इकडे येतो. आठ म्हणजे काही नाही, मला माहितीये, पण ताई तेवढ्यात झोपते. शीटमध्ये तासांचा रकाना टाकला, तिला दाखवला, ती म्हणाली छान, आणि भरला नाही. भरायला वेळ नाही म्हणाली. टोमणा होता की खरंच, मला कळलं नाही.

परवा संध्याकाळची गोष्ट. अप्पा बरे होते, म्हणजे शांत होते. ताई त्यांचे पाय पुसत होती आणि मी समोर बसलेलो. अप्पा बराच वेळ तिच्याकडे बघत होते, मग एकदम ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमचा पगार झाला का?"

ती म्हणाली, "अहो अप्पा, मी..." आणि थांबली. मग म्हणाली, "नाही झाला."

"किती महिन्यांचा?"

"पाच वर्षं होतील."

अप्पा अस्वस्थ झाले. असं कसं, असं कसं म्हणत त्यांनी पेन मागितलं. मी कपाटातून वही आणून दिली, शेवटची, अर्धी कोरी. त्यांनी नवीन पान काढलं, मधोमध एक रेघ मारली, सरळ, पट्टी न घेता, उजव्या बाजूला हळूहळू 'पगार' लिहिलं आणि पेन तिथेच धरून ताईला विचारलं, "किती ठरलंय आपलं?"

ताईने माझ्याकडे बघितलं.